चौकस माणूस : ब्रिगेडियर जॉन टिल्टमन यांची गोष्ट

(नेरळमध्ये श्रोत्यांसमोर झालेल्या गप्पांचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी आलेले दोन प्रश्नही जोडले आहेत.)

आज शनिवार असूनही एवढे जण जमलात, बरं वाटलं. कर्जत, शेलू, वांगणीहून आलेल्यांचं विशेष स्वागत. हेडफोन लावून ऐकणाऱ्यांनाही नमस्कार.

आजचा माणूस लष्करातला आहे, पण त्याने आयुष्यातली साठ वर्षं बंदूक न चालवता काढली. त्याचं काम होतं शत्रूचे बिनतारी संदेश मिळवायचे, त्यांचं सांकेतिक कुलूप उघडायचं आणि आत काय लिहिलंय ते आपल्या सेनापतींना सांगायचं. या कामाला सिग्नल्स इंटेलिजन्स म्हणतात. या कामात पडलेल्या माणसाचं नाव ब्रिगेडियर जॉन हेसेल टिल्टमन. इंग्रज माणूस. पण हा धंदा तो शिकला आपल्या देशात, सिमल्याला. म्हणून आज त्याची गोष्ट.

आधी हे काम नेमकं काय असतं ते बघू. आपण नेरळकर, म्हणून रेल्वेचंच उदाहरण घेतो. समजा तुम्हाला कोणी सांगितलं, महिनाभर कर्जत स्टेशनवर बसा आणि फक्त वही ठेवा. मालगाडीच्या डब्यात डोकावायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही. किती वाजता गाडी आली, किती डबे, मागे बँकर इंजिनं लागली की नाही, एवढंच लिहायचं. बँकर लागले म्हणजे गाडी घाट चढून लोणावळ्याला जाणार. महिन्यानंतर ती वही वाचून हुशार माणूस सांगेल की पुण्याच्या बाजूला काहीतरी जास्त माल चाललाय. डबा न उघडता!

हा झाला सिग्नल्स इंटेलिजन्सचा पहिला अर्धा भाग. कोण कुणाशी बोलतंय, कधी, किती वेळ. संदेशातलं अक्षरही कळत नसतं, तरी एवढ्यावरून बरंच कळतं. दुसरा अर्धा भाग म्हणजे डबा उघडणं, संकेतलिपी फोडणं. बहुतेक माणसं दोन्हीपैकी एकच काम करतात. टिल्टमन दोन्ही करायचे, आणि ते का, याचं उत्तर सिमल्यात आहे.

त्यांचा जन्म 25 मे 1894 चा, लंडनचा. मुलगा इतका हुशार की तेराव्या वर्षी ऑक्सफर्डने जागा देऊ केली. पण वडील गेले, घरची परिस्थिती बदलली, आणि ऑक्सफर्ड राहिलं ते कायमचंच. 1911 पासून तीन वर्षं त्यांनी शाळेत मास्तरकी केली. म्हणजे बघा, पुढे ज्याच्या हाताखाली केंब्रिज-ऑक्सफर्डचे गणिती आणि भाषापंडित काम करणार होते, त्याच्याकडे स्वतःची पदवी नव्हती. आपल्याकडे अजूनही कुणाला विचारलं की काय करतोस, तर पुढचा प्रश्न शिक्षण किती हाच असतो. म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

1914 ला महायुद्ध सुरू झालं आणि हे किंग्ज ओन स्कॉटिश बॉर्डरर्स या पलटणीत भरती झाले. फ्रान्सच्या आघाडीवर लढले, मिलिटरी क्रॉस मिळाला, 1917 मध्ये आरासच्या लढाईत गंभीर जखमी झाले. युद्धानंतर लष्कराने त्यांना रशियन शिकवलं. 1920 च्या ऑगस्टमध्ये त्यांना लंडनच्या संकेतलिपी खात्यात पाठवलं, रशियन संदेशांच्या भाषांतराचं तुंबलेलं काम उरकायला. बदली होती पंधरा दिवसांची. ते पंधरा दिवस संपलेच नाहीत. पलटणीच्या कामावर ते परत कधी गेले नाहीत.

आणि 1921 मध्ये आले सिमल्याला, भारतीय सैन्याच्या मुख्यालयात. 1929 पर्यंत, सलग आठ वर्षं.

तिथे काय चाललं होतं? 1919 च्या तिसऱ्या अफगाण युद्धानंतर अफगाणिस्तानला आपलं परराष्ट्र धोरण स्वतः ठरवायचा अधिकार मिळाला. लगेच 1921 ला त्यांनी सोव्हिएत रशियाशी करार केला. काबूलमध्ये रशियन वकिलात आली. ताश्कंदमध्ये तर त्याआधीच, ऑक्टोबर 1920 मध्ये, मानवेंद्रनाथ रॉय यांनी भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना केली होती. इंग्रजांच्या पोटात गोळा आला. मॉस्को, ताश्कंद आणि काबूल यांच्यात रोज तारा जात होत्या, सांकेतिक लिपीत. त्या वाचायच्या, जमेल तितक्या ताज्या वाचायच्या, हेच सिमल्याचं काम.

आणि माणसं किती? पाच. पाचाच्या वर कधी गेलीच नाहीत. त्यामुळे टिल्टमनना सगळंच करावं लागलं. कुठल्या ठाण्याने कुठली लहर ऐकायची ते ठरवा, आलेले कागद लावा, लिपी कोणत्या प्रकारची ते ओळखा, ती फोडा, किल्ली बदलली की परत फोडा, मग रशियनमधून इंग्रजी करा आणि वर पाठवा. लंडनमध्ये असते तर त्यांना यातलं एकच टेबल मिळालं असतं. छोट्या दुकानात शिकलेला कारागीर कसा सगळं शिकतो, तसं झालं. ते स्वतःही पुढे म्हणायचे की या बाबतीत आपण नशीबवान ठरलो.

इथे जरा थांबतो. कारण ही नुसती हुशारीची गोष्ट नाही. हे सगळं चाललं होतं भारताच्या पैशावर पोसलेल्या सैन्याच्या मुख्यालयात, आणि राखायचं काय होतं? इंग्रजांचं राज्य. मॉस्कोच्या भीतीची झळ थेट आपल्या मुंबईपर्यंत पोचली होती. 1924 च्या कानपूर खटल्यात श्रीपाद अमृत डांगे यांना चार वर्षांची शिक्षा झाली. 1929 च्या मार्चमध्ये मेरठ खटल्यासाठी धरपकड झाली, त्यातली नावं ऐका : डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर. गिरणगावातली मराठी माणसं. या खटल्यांत सरकारचा मोठा पुरावा होता वाटेत उघडलेली पत्रं. टिल्टमनच्या कामाचा या खटल्यांशी संबंध जोडायला माझ्याकडे काही आधार नाही, आणि तसा मी जोडतही नाही. पण काळ तोच आणि सरकारही तेच. लिपी फोडणाऱ्याच्या हुशारीला टाळ्या वाजवताना, तो कुणासाठी ऐकतोय हेही विचारायला हवं. हा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

आता 1927 चा एक धडा. लंडनमध्ये आर्कोस नावाच्या सोव्हिएत व्यापारी कंपनीवर पोलिसांनी धाड घातली. हाती फारसं काही लागलं नाही. मग सरकारला तोंड दाखवायला काहीतरी पाहिजे, म्हणून मंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये चक्क फोडलेल्या रशियन तारा वाचून दाखवल्या. टाळ्या मिळाल्या, रशियाशी संबंध तोडले. पण रशियन काही दुधखुळे नव्हते. त्यांनी आपली लिपी बदलली आणि एकदाच वापरायच्या किल्ल्या आणल्या. प्रत्येक संदेशाला नवी किल्ली, वापरली की जाळून टाकायची. नीट वापरली तर ती फुटतच नाही. वर्षांची मेहनत एका भाषणात गेली. ऐकणाऱ्याला एक वेळ बहिरेपणा परवडेल, पण आपण ऐकतोय हे समोरच्याला कळलेलं परवडत नाही. टिल्टमनच्या पिढीने हे मनावर कोरून घेतलं.

सिमल्याहून परत गेल्यावर ते लंडनच्या खात्यात लष्करी विभागाचे प्रमुख झाले. तिसाव्या दशकात कम्युनिस्ट इंटरनॅशनलचे बिनतारी संदेश फोडले, जपानी लष्करी संकेतलिप्यांवर काम केलं. आणि 1939 ला सगळा गोतावळा ब्लेचली पार्कला गेला. ब्लेचली म्हटलं की आपल्याला अ‍ॅलन ट्युरिंग आठवतात, सिनेमामुळे. ते थोरच. पण तिथे कागद-पेन्सिल घेऊन हाताने लिपी फोडण्यात टिल्टमनच्या तोडीचा माणूस शोधावा लागला असता.

काम करायची पद्धत कशी? उभं राहून. उंच टेबल करून घेतलं होतं, तासन् तास त्याच्यापाशी उभे. आणि माणूस बिनतोऱ्याचा. एक नवा शिपाई पहिल्या दिवशी हजर झाला, लष्करी शिस्तीत बूट आपटून कडक सलाम ठोकला. टिल्टमननी वर बघितलं आणि अगदी गयावया केल्यासारखं विचारलं की बाबा रे, हे असले बूट घालायलाच हवेत का? पुढे तो शिपाई गणवेशावर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून हिंडायचा आणि शिस्तीचे अधिकारी कपाळाला हात लावायचे.

1940 मध्ये त्यांनी जर्मन रेल्वेची एनिग्मा लिपी फोडली. यंत्र न वापरता, हाताने. आता तुम्ही म्हणाल, रेल्वेच्या संदेशात काय असणार? गाडी नंबर, डबे, कुठून कुठे. पण आपण मघाशी कर्जतच्या फलाटावर बसलो होतो ना? तेच. पुढच्या वर्षी जर्मन सैन्य बाल्कनच्या दिशेने सरकायला लागलं, तेव्हा ते या रेल्वेच्या संदेशांत दिसलं. लष्कर तोंड बंद ठेवतं, पण लष्कराला घेऊन जाणारी गाडी बोलते.

आता मुख्य गोष्ट. 30 ऑगस्ट 1941.

जर्मन सेनापतींसाठी एनिग्माहून अवघड असं एक यंत्र होतं, लॉरेंझ कंपनीचं, बारा चाकांचं. इंग्रजांनी त्याच्या संदेशांना टनी असं माशाचं नाव दिलं होतं. यंत्र कुणी बघितलेलं नाही. त्या दिवशी अथेन्सहून व्हिएन्नाला एक लांबलचक संदेश गेला, सुमारे चार हजार अक्षरांचा. पलीकडून निरोप आला की नीट मिळाला नाही, परत पाठव. आता नियम असा की परत पाठवताना किल्ली बदलायची. अथेन्सच्या ऑपरेटरने कंटाळा केला. यंत्राची चाकं पुन्हा त्याच जागी आणली आणि तोच संदेश टाइप करायला घेतला. पण चार हजार अक्षरं दुसऱ्यांदा! वैतागला असणार. त्याने शब्द तोडायला सुरुवात केली. सुरुवातीलाच संदेश क्रमांक या अर्थाचा जर्मन शब्द पहिल्यांदा पूर्ण लिहिला होता, दुसऱ्यांदा त्याचं संक्षिप्त रूप टाकलं. तिथून दोन्ही संदेश एकमेकांपासून सरकले.

यात काय एवढं? वाण्याच्या तराजूचं उदाहरण घ्या. काट्याला पासंग आहे, पण किती ते माहीत नाही. त्याच काट्यावर बटाटे तोलले, मग कांदे तोलले. दोन्हींचं खरं वजन कळणार नाही. पण दोन वजनांतला फरक मात्र बरोबर येईल, कारण पासंग दोन्हीकडे सारखाच होता, वजाबाकीत उडाला. किल्ली म्हणजे हा पासंग. ती प्रत्येक अक्षराला बदलते, पण दोन्ही संदेशांत त्याच क्रमाने बदलली. एकातून दुसरा वजा केला की किल्ली गेली, आणि उरली दोन मजकुरांची सरमिसळ.

मग सुरू झालं टिल्टमनचं काम. उंच टेबल, पेन्सिल. एका संदेशात अमुक शब्द असेल असा अंदाज करायचा. अंदाज बरोबर असेल तर त्याच जागी दुसऱ्या संदेशातून अर्थाचं जर्मन बाहेर पडतं. चूक असेल तर कचरा. अर्थ लागला की पुढचं अक्षर, मग त्याच्या पुढचं. दोन्ही मजकूर जवळपास सारखे असल्यामुळे एक दुसऱ्याला ओढत नेत होता. सुमारे दहा दिवसांत दोन्ही संदेश पूर्ण वाचून झाले. आणि मजकूर कळल्यामुळे उलटी वजाबाकी करून चार हजार अक्षरांची किल्लीही हातात आली.

ती किल्ली पुढे बिल टट नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाकडे दिली. त्याने त्यावरून न पाहिलेल्या यंत्राची बाराही चाकं कागदावर उभी केली. त्या यंत्राच्या किल्ल्या वेगाने शोधता याव्यात म्हणून टपाल खात्यातल्या टॉमी फ्लॉवर्स या इंजिनिअरने कोलोसस बांधला. जगातल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांत त्याची गणना होते. 1944 च्या सुरुवातीपासून तो ब्लेचलीत चालू होता. आणि हे सगळं कशामुळे? अथेन्समधल्या एका माणसाच्या कंटाळ्यामुळे. यंत्र भारी होतं, माणूस माणसासारखाच होता.

आपण सगळेच तो अथेन्सचा ऑपरेटर असतो बरं का. बँकेचा, मेलचा, वीज बिलाचा पासवर्ड एकच ठेवणारे हात वर करा बघू! (हशा) नका करू, कळलं मला. तत्त्व तेच आहे. एकच किल्ली दोनदा वापरली की कुलूप कितीही महाग असलं तरी उपयोग नाही.

टिल्टमनचं अजून एक काम सांगतो, कारण ते परत भारतात येतं. जपान युद्धात उतरला आणि इंग्रजांकडे जपानी जाणणारी माणसंच नाहीत. लंडनचे भाषातज्ज्ञ म्हणाले, जपानी शिकायला पाच वर्षं लागतात. टिल्टमन म्हणाले, सहा महिन्यांत करू. स्वतः मास्तर होते ना! आपल्याला पोरांना जपानीत गप्पा मारायला शिकवायच्या नाहीत, लष्करी संदेश वाचायला शिकवायचंय, एवढं त्यांना स्पष्ट होतं. फेब्रुवारी 1942 मध्ये बेडफर्ड गावात वर्ग सुरू झाला, गॅस कंपनीच्या शोरूमच्या जागेत. शिकवायला ऑस्वाल्ड टक नावाचे निवृत्त नौदल कप्तान, जे स्वतःच जपानी शिकले होते. विद्यार्थी कोण, तर लॅटिन आणि ग्रीक शिकणारी कॉलेजची पोरं. आणि सहा महिन्यांत जमलं.

त्या वर्गातली बरीच मुलं आली दिल्लीला. आनंद पर्वत टेकडीवर, रामजस कॉलेजच्या इमारतीत वायरलेस एक्सपेरिमेंटल सेंटर होतं. नाव प्रयोगशाळेचं, काम ब्रह्मदेशातल्या जपानी सैन्याचे संदेश ऐकून फोडायचं. त्याच्या शाखा बराकपूर, बंगळूर आणि अबटाबादला. तिथे इंग्रज होते, पश्चिम आफ्रिकेचे सिग्नलमन होते, महिला सहायक दलातल्या बायका होत्या आणि आपले भारतीय सिग्नलमन होते. कानाला हेडफोन लावून रात्र रात्र जपानी मोर्स लिहून घेणारे. इंग्रज पोरांपैकी काहींनी पुढे पुस्तकं लिहिली. आपल्या माणसांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. टिल्टमन आणि टट यांच्या आधी कुणीतरी ते चार हजार अक्षरं न चुकता उतरवून घेतलेली असतात, हे विसरून चालत नाही.

आणि टिल्टमनना तरी काय मिळालं? ब्रिगेडियर झाले, मानचिन्हं मिळाली, पण कशाबद्दल ते घरी सांगता येत नव्हतं. युद्धानंतरही ब्रिटनच्या खात्यात 1964 पर्यंत राहिले. तिथून निवृत्त झाले ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत कामाला लागले, 1980 पर्यंत. तेव्हा वय 86. फावल्या वेळात व्हॉयनिच हस्तलिखित नावाच्या जुन्या, कुणालाच न वाचता आलेल्या पोथीशी झटत राहिले. ती काही उघडली नाही, आणि ती उघडल्याचा दावाही त्यांनी केला नाही. 10 ऑगस्ट 1982 ला हवाईत वारले. ब्लेचलीचं गुपित 1974 पासून थोडं थोडं बाहेर येऊ लागलं होतं, पण टनीचा तपशीलवार सरकारी अहवाल खुला झाला 2000 मध्ये. म्हणजे आपण काय केलं हे जगाने पूर्ण वाचण्याआधी अठरा वर्षं ते गेले होते. 2004 मध्ये अमेरिकनांनी त्यांना आपल्या सन्मान-दालनात जागा दिली, अमेरिकन नसलेले ते पहिलेच.

आपल्या कोअर ऑफ सिग्नल्सचं ब्रीद आहे, तीव्र चौकस. हिंदीत ते सावध या अर्थाने आहे. मराठीत चौकस म्हणजे ज्याला सतत प्रश्न पडतात तो. टिल्टमनना दोन्ही अर्थ लागू पडतात.

प्रश्न : आपल्या भाई कोतवालांना पकडायला इंग्रजांनी असलं काही वापरलं होतं का?

छान प्रश्न. बघा, भाईंचा आझाद दस्ता 1942 मध्ये मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडत होता. तेव्हाच तिकडे बेडफर्डला जपानीचा वर्ग चालू होता, एकाच वर्षातल्या या गोष्टी. पण दस्त्याचे निरोप जायचे पायी, माणसाच्या तोंडून, रानवाटांनी. जो हवेत बोलतच नाही त्याला कुठला वायरलेसवाला ऐकणार? तिथे इंग्रजांच्या कामी आली ती माणसांकडून फुटलेली खबर. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आलं. या विद्येची मर्यादा यातून कळते. यंत्र नसलेल्या माणसापुढे ती आंधळी असते.

प्रश्न : मग कारगिलच्या वेळी आपण ती टेप जाहीर केली, ते चुकलं का?

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1999 च्या मे महिन्यात, 26 आणि 29 तारखेला, पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ बीजिंगमध्ये होते आणि रावळपिंडीतल्या जनरल अझीझ यांच्याशी फोनवर बोलले. ते संभाषण आपल्या गुप्तचरांनी टिपलं. 11 जूनला परराष्ट्रमंत्री जसवंत सिंग यांनी ते पत्रकारांसमोर मांडलं. घुसखोरीमागे पाकिस्तानी लष्कर आहे हे जगाला पटवण्यात त्याचा मोठा उपयोग झाला. किंमतही होती, कारण ती फोनलाइन ऐकली जाते हे त्या दिवशी पाकिस्तानला कळलं. यावर आजही दोन मतं आहेत. मला विचाराल तर 1927 आणि 1999 मध्ये फरक आहे. तिकडे सरकारला आपली अब्रू झाकायची होती, इकडे डोंगरावर आपली पोरं मरत होती आणि जगाचं मत वळवायचं होतं. ऐकलेलं कधी उघड करायचं याला नियम नाही. बदल्यात काय मिळतंय ते बघावं लागतं.

चला, वेळ झाली, काहींना गाडी पकडायची आहे. जाता जाता एक काम सांगतो. आपल्या भागात सैन्यातून, नौदलातून, तारखात्यातून निवृत्त झालेली खूप म्हातारी माणसं आहेत. घरात विचारलं की म्हणतात, काही नाही रे, वायरलेसवर बसायचो. त्या "काही नाही"च्या मागे काय आहे ते, गुपित असेल ते सोडून, विचारा. कुठल्या गावी होतात, मोर्स कोणी शिकवला, रात्रपाळीला जाग कशी राहायची. मोबाइलवर रेकॉर्ड करा, नाही जमलं तर वहीत लिहा. टिल्टमनबद्दल आज बोलता आलं ते कुणीतरी त्यांना बसवून विचारलं म्हणून. आपल्या माणसांना अजून फारसं कुणी विचारलेलं नाही.

भेटू पुढच्या भागात.